कोंडवाड्याचं फाटक कुणी उघडलं

"फाटक उघडलंच कसं?" पेशकारानं, म्हणजे तहसीलदारांच्या कारकुनानं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि आमचे मालक तिसऱ्यांदा पागोटं सारखं करायला लागले.

तहसील कचेरीत चौकशी चालली होती. राज्य निजामाचं. मालक गावच्या सरकारी कोंडवाड्याचे रखवालदार, मी त्यांची बायको, उंबऱ्याबाहेर उभी. आरोप असा, की वरचा हुकूम नसताना पोळ्याच्या दिवशी कोंडलेले सात बैल सोडले. शाबीत झालं की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर कोंडवाड्यालगतची आमची खोलीही. पेशकाराचा मेहुणा त्या जागेवर टपलेलाच होता.

पण थांबा. आधी तुम्हाला कोंडवाडा कळला पाहिजे. चुकार जनावरं हाकून आणावी लागायची. किस्से मात्र आपल्या पायांनी यायचे.

*

कागदावर रखवालदार मालक. माणूस गरीब गाईसारखा, पण मारकं जनावर दिसलं की दिसेनासे व्हायचे. वळू आत घ्यायचं काम माझं.

एकदा महसूल खात्याचे गिरदावर तपासणीला आले. त्याच वेळी एका वळूनं दावं तोडलं. मी खराटा घेऊन त्याला कोपऱ्यात दाबलं, वेसण धरली आणि वळून बघते तर गिरदावर साहेब भिंतीवर.

"बाई, मरशील! रखवालदाराला बोलाव आधी!"

म्हटलं, "तुमच्या बाजूलाच बसलेत की, साहेब."

*

एका दुभत्या म्हशीवर हक्क सांगायला एक गडी आला. डोक्याला रेशमी पटका, बोलणं तुपात घोळलेलं. म्हैस आपल्याच गोठ्यात जन्मली म्हणे. मी चरवी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, पिळा.

बसला बिचारा. पहिल्याच लाथेला चरवी एकीकडं, पटका दुसरीकडं.

म्हटलं, "दादा, म्हैस तुमाला वळखंना, मी कशी वळखू?"

*

मी शाळेची पायरी चढले नाही. पण कोंडवाड्याच्या फाटकावर सरकारी हुकूम डकवायचे, उर्दूत. कुणी मोठ्यानं वाचलं की मी शेणाची पाटी घेऊन तिथंच घोटाळायची. ऐकलेलं डोक्यात धरायचं, मग एकटीनं अक्षराशी ताडून बघायचं. दोन वर्षं गेली, पण फाटक मला वाचता यायला लागलं.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. एका बड्या जमीनदाराचा कारभारी कागद नाचवत आला. गाय सोडा, हा बघा वरचा हुकूम, असं दरडावायला लागला. मालक खुंट्याकडं निघालेसुद्धा. मी कागद घेतला, सावकाश वाचला आणि घडी घालून परत दिला.

"ही तर लग्नाची चिठ्ठी हाय. गायीला वऱ्हाडात न्यायलाय का?"

*

आता पोळा. आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असते. खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि जेवणाचं आवतन द्यायचं. त्या वर्षी सात बैल कोंडवाड्यात होते. त्यांच्या खांद्यांना कोण हात लावणार? मी लावला. आणि लोणी चोळता चोळता तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मालकांनी कपाळाला हात लावला. "अगं, आवतन दिलंस? आता?"

खरंच, आता काय? आवतन दिलेला बैल पोळ्याला आपल्या धन्याच्या दारात जेवला नाही, तर आवतन देणाऱ्या बाईनं तोंड कुठं लपवायचं? सकाळी मी सातही शेतकऱ्यांना बोलावलं, बैल हवाली केले आणि बजावलं, की उद्या दिवस उगवायला सगळे परत पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी उगवतीला घुंगरं वाजली. सातच्या सात. शिंगं रंगवलेली, गोंडे बांधलेले. त्या सातांतल्या रहीमभाईनं तर बैलाच्या अंगावरची झूलही काढली नव्हती. मालक अडसर लावता लावता डोळे पुसत होते.

तरी आमच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज गेलाच. बैल परत आले ते पेशकाराच्या कागदात कुठंच नव्हतं.

*

तर कचेरीत तहसीलदार साहेबांनी हात वर करून पेशकाराला गप्प केलं. मालकांकडं बघून शांतपणे विचारलं, "बैल सोडायचा हुकूम कुणाचा होता?"

पेशकारानं टाक दौतीत बुडवला. मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि छातीवर हात ठेवला. सगळं आपल्यावर घ्यायला निघाले होते.

मी उंबरा ओलांडला. बाईमाणूस आत कशाला, म्हणून चपराशी आडवा आला, त्याला बाजूला केलं. पदर खोचला आणि साहेबांच्या मेजासमोर जाऊन उभी राहिले.

"हुकूम माझा व्हता, सरकार. काढा मला नोकरीवरनं."