आखाजीचे रिकामे झोके

तापीअक्कांना मी प्रथम पाहिले ते सोनगीरच्या किल्ल्याखाली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तीन दिवस आधीच्या सकाळी. त्याला आता चाळीस वर्षे होत आली. वैशाखाच्या उन्हात किल्ल्याचा डोंगर जागच्या जागी तरंगतो आहे असे वाटत होते. निंबाला झोके टांगलेले होते आणि त्या सावलीत, धुळ्याहून माहेरपणाला आलेल्या विशीतल्या एक बाई आम्हा पोरींना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. मी बारा वर्षांची. बाईमाणसाच्या तोंडून छापलेली अक्षरे ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. अर्थ फारसा कळला नाही. पण आपणही कधीतरी असे वाचू, हे स्वप्न तिथेच पडले. खरे सांगायचे तर मी अजून त्यातून पुरती जागी झालेले नाही.

अक्कांची साठी पूर्ण होत असताना त्यांच्या कार्याविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी पडले मुलींच्या शाळेतली मास्तरीण. मोठे शब्द मला झेपत नाहीत. तेव्हा त्या चार दिवसांची हकिगत तेवढी सांगते.

माझे लग्न आदल्याच वर्षी लागले होते. आखाजी झाली की सासरहून मूळ, म्हणजे न्यायला माणूस, येणार आणि मी जाणार, हे ठरलेले. मी अक्कांपाशी रडले. त्यांनी डोळे पुसले नाहीत की समजूत घातली नाही. "तुला काय हवं ते आधी नीट सांग," म्हणाल्या. मी म्हटले, "शाळा." त्यांचे यजमान धुळ्यात शिक्षक होते, तुला माझ्या घरी ठेवून घेते, असे त्या तिथल्या तिथे बोलून गेल्या. राहिला प्रश्न आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांच्यापुढे घरात कोणाची ब्र काढायची प्राज्ञा नव्हती.

आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. त्या दिवसांत त्यांना कोणी काम सांगत नाही, कोणी दुखवत नाही, आणि त्यांचा झोका रिकामा राहिला तर गावाला दोष लागतो, असे जुनी माणसे मानतात. अक्कांनी नेमके तेच हेरले. आखाजीच्या दिवशी आम्ही सहा जणी झोक्यांखाली जाऊन बसलो. खेळायचे नाही, गाणे म्हणायचे नाही.

ऊन चढले तशा म्हाताऱ्या जमल्या. "पोरीसहो, आखाजीना दिन शे, झोका रिकामा कसा?"

माझी मैत्रीण जनी त्यातल्या त्यात धीट. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "गोदीले शाळामा धाडा, मंग बठ्ठ्या सहाजणी खेळसूत."

गावात कुजबुज सुरू झाली. दुपारपर्यंत आबांना निरोपावर निरोप गेले. आणि इकडे माझ्या हातून काय व्हावे? वारा सुटला, समोरचा झोका आपसूक हलू लागला, आणि मी उठून त्यावर बसले! उंच गेले तेव्हा किल्ला खाली गेला, पाय आभाळात गेले, मी मोठ्याने हसले. खाली आले तर समोर आबा.

"देखा!" ते गरजले. "जिनाकरता बठ्ठ्या बठेल शेत, तीच झोकावर शे!"

बाकीच्या पोरींनी माना खाली घातल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. अक्का मात्र पुढे आल्या. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "आबा, झोका देखा आनि बसनी. बारा वरीसनी पोर शे ती. हाई काय सासरले धाडानं वय शे?"

आबा माझ्याकडे पाहत राहिले. इतका वेळ त्यांनी मला कधी पाहिले नव्हते. मग घराकडे निघून गेले. संध्याकाळी आईने माझे बोचके बांधले, ते धुळ्याचे. सासरच्यांना आबांनी कसे समजावले, ते मला आजही ठाऊक नाही. अक्कांनी स्वतःचे लुगडे फाडून मला दोन परकर शिवले आणि तीन वर्षे पोटच्या लेकीसारखे वाढवले.

पण अक्का ही गोष्ट विजयाची म्हणून कधी सांगत नाहीत. माझ्यासोबत बसलेल्या पाचही जणी त्याच महिन्यात सासरी गेल्या. त्यांच्यासाठी कोणी बसले नाही. "एकीसाठी बसलो, साऱ्यांसाठी बसायला हवं होतं. ती चूक माझी," असे अक्का म्हणतात. त्यानंतर एकही आखाजी त्यांनी घरी काढली नाही. दर वर्षी एक नवे गाव, तिथला निंब, तिथल्या पोरी. मोठ्यांपुढे त्या फारशा बोलत नसत. पोरींनाच बोलते करत. तरुण पोरी एकत्र नुसत्या बसून राहिल्या तरी गाव हलते, हे आम्हाला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी पिंप्राळ्याला जनीकडे जाऊन आले. ती आता पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, सही अजून अंगठ्याची. अक्कांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, हे आम्ही सगळेच देवापाशी मागतो. तुझ्या वतीने काय लिहू, असे मी तिला विचारले. जनीने दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "तिले सांग, इतल्यामा मरू नको. मन्ही नात बारा वरीसनी व्हयनी."