कोपरचा गोल बांध

कोपरचा गोल बांध पुरातन ठरवून सरकारी माणसांनी परवा तेथे संरक्षणाची पाटी रोवली. खड्ड्यातून निघालेल्या निळसर चिकणमातीच्या वासाने मी तीस वर्षे मागे गेलो. त्या बांधावर भूत पाहून मी पळालो, असे गावात सांगतात. ते साफ खोटे आहे.

उधाणाने खाडीचे पाणी अडवणारा आमचा खारबांध फुटला होता. संध्याकाळच्या भरतीपूर्वी तेथे माती पडली नसती, तर भातशेत कायमचे खारे झाले असते. जवळ माती होती ती त्या जुन्या गोल बांधाचीच. पण आमचे कूळ पोशा कुदळ उचलीना.

"मातीला भितोस? मग मिशा कशाला राखल्यास?" असे म्हणून मीच बाहेरच्या अंगावर घाव घातला.

वरचा पापुद्रा गळून पडला. खालच्या ओल्या मातीवर तळहातांचे शेकडो ठसे होते, जणू आत्ताच कोणी थापून गेले होते. भर दुपारी खाडीवरचा वारा थांबला.

"भाऊ," पोशा हळूच म्हणाला, "आपुन बांध थापताव तो सुक्या अंगाला उभं राहून. पानी पल्याड. यी सगली मानसा भायेर उभी होती."

मग आत काय अडवले होते? ती पाटी वाचताना आज मनात येते, हे संरक्षण नक्की कोणाचे?

आमचे शेत माझ्यामुळे बुडाले, हे मान्य. पण मी पळालो नाही. भरती येईपर्यंतचा सारा वेळ मी आणि पोशाने तो घाव बुजवण्यात घालवला. खाडी आत येणे मला अधिक बरे वाटले.