पाठकोरी पत्रकं

"झडप चिकटलीय," इकोच्या पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले.

मी डाव्या कुशीवर पडले होते, छातीला गार जेल लागलेलं. वय सव्वीस. हृदयरोग म्हणजे पोट सुटलेल्या पन्नाशीच्या पुरुषांचा आजार, अशी तोवर माझी समजूत होती.

डॉक्टरांनी आईला विचारलं, "लहानपणी हिचे सांधे सुजले होते का?"

आई दाराशी पिशवी धरून उभी होती. "आठवीत गुडघा सुजला होता. तो उतरला तर घोटा सुजला. सगळे म्हणाले, वाढीचं दुखणं आहे."

"आणि त्याच्या आधी घसा?"

"घसा तर हिचा नेहमीच धरायचा. मिठाच्या गुळण्या करायची."

माझ्या आजाराचं नाव ऱ्हुमॅटिक हार्ट डिसीज. सोपं करून सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. एका जातीच्या जंतूमुळे घसा सुजतो. काही मुलांचं शरीर त्या जंतूशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपेवर मात्र वण राहतो. माझी डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आकसली होती. त्याला मायट्रल स्टेनोसिस म्हणतात.

दोन वर्षं जिना चढताना मला धाप लागत होती. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी टेन्शन. दोघांनीही स्टेथोस्कोप ओढणीवरूनच टेकवला होता. शेवटी नाशिकला द्वारकेच्या चौकात पत्रकं वाटताना मी रस्त्यातच खाली बसले, तेव्हा मैत्रिणीने रिक्षात घालून हृदयाच्या दवाखान्यात आणलं.

पत्रकं हे माझं कामच. अभ्यासिकेची वेळ वाढवा, वस्तीत पाणी सोडा, असल्या मागण्यांची. आमच्या गटात दोन नियम आहेत. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं. आणि ज्याच्याविरुद्ध पत्रक, त्याच्या हातात पहिली प्रत द्यायची, पाठीमागून वार करायचा नाही.

झडप फुग्याने उघडली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवून झडप मोकळी करतात. टाके नाहीत. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्याचा जिना न थांबता चढले आणि वर जाऊन रडले. धाप न लागता रडता येतं, हेही मी विसरले होते.

पण घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "झडप उघडली, आजार गेला नाही. घशाला पुन्हा लागण झाली तर ती पुन्हा आकसेल. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. चुकवायचं नाही."

"किती दिवस?"

"निदान चाळिशीपर्यंत."

पहिलं इंजेक्शन तिथेच मिळालं. दुसऱ्यासाठी चिठ्ठी आणि औषध घेऊन मी सिन्नरजवळच्या आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, सटाण्याकडच्या. चिठ्ठी वाचून त्यांनी ती मला परत केली.

"हे इथं नाय मिळणार. नाशिकलाच घे."

"का? औषध माझ्याजवळ आहे."

"पेनिसिलिन मी देत नाय."

दोन खासगी दवाखान्यांतही हेच उत्तर. नोकरीतून रजा मिळून नाशिक गाठेपर्यंत नऊ दिवस उशीर झाला होता. त्याच आठवड्यात घसा खवखवला. आई रात्रंदिवस माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. सुदैवाने तो साधा सर्दीचा घसा निघाला. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

मी पत्रक लिहिलं. पहिली ओळ होती : 'आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना पेशंटच्या जिवापेक्षा स्वतःचा आराम प्यारा आहे.' एका बाजूला छापून आणलं आणि नियमाप्रमाणे पहिली प्रत सिस्टरांच्या हातात ठेवली.

त्यांनी उभ्याउभ्याच पूर्ण वाचलं. चष्मा काढला.

"लिहायला चांगलं जमतं तुला. पण एक राहिलं ह्यात."

"काय?"

"मी एक माणूस मारलाय, ते."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं, लांबचं एक उपकेंद्र. पेनिसिलिन दिलं आणि माणूस बाकावरून कोसळला. अशा वेळी लागतं ते ॲड्रेनालिन कपाटात होतं. कपाटाला कुलूप, किल्ली डॉक्टरांच्या खिशात, डॉक्टर मीटिंगला. "त्याची बायको मलाच विचारत होती, सिस्टर, काय करू? पुढे तक्ता आला भिंतीवर लावायला. असं झालं तर काय करायचं, त्याचा. शिकवायला कुणी आलं नाय. तू सांग, तक्ता बघून हात चालतो का?"

पत्रकांचा गठ्ठा तिथेच टेबलावर सोडून मी बाहेर आले.

संताप गेला नव्हता, त्याचा पत्ता चुकला होता. ज्या बाईला तीस वर्षं कुणी शिकवलं नाही, तिला मी आळशी म्हटलं होतं. मला ज्यांनी ओढणीवरून तपासलं, त्यांनाही हे कुणी नीट शिकवलं नसेल. मी नाशिकला जाऊन माझ्या डॉक्टरांपुढे बसले आणि म्हटलं, तुम्ही आमच्या केंद्रात चला.

"मी ओपीडी सोडून?"

"मी तुमच्या ओपीडीत दर एकवीस दिवसांनी रांगेत बसू का?"

ते हसले. पुढच्या मंगळवारी खरंच आले. आसपासच्या सिस्टर आणि आशाताई जमल्या. डॉक्टरांनी शिकवलं, इंजेक्शनआधी काय विचारायचं, नंतर अर्धा तास का बसवायचं. ॲड्रेनालिन मांडीत कसं द्यायचं, ते उशीवर करून घेतलं, प्रत्येकीकडून, पुन्हा पुन्हा. "खरी रिॲक्शन क्वचित येते. तिची तयारी ठेवायची, इंजेक्शन बंद नाही करायचं," ते म्हणाले. त्या दिवसापासून ॲड्रेनालिनचा ट्रे उघड्यावर असतो. कुलूप नाही.

माझी तारीख आली. सिस्टरांनी आधी ॲड्रेनालिनचा ट्रे हाताशी ओढला, मगच सुई टोचली.

"तू बोलत राहा," त्या म्हणाल्या. "गप झालीस की मला भीती वाटते."

मला आजवर सगळ्यांनी गप्प बसायला सांगितलंय. मी अर्धा तास बोलले. अभ्यासिका, पाणी, पप्पांची कंपनीतली पाळी, सगळं. सिस्टर समोर स्टुलावर बसून घड्याळ बघत होत्या. अर्धा तास झाल्यावर त्या उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "बास आता. डोकं उठवलंस."

माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल, तर सांगते. मुलाचा घसा ताप येऊन दुखला, तर दाखवा. सूज एका सांध्यावरून दुसऱ्यावर गेली, तर त्याला वाढीचं दुखणं म्हणू नका. आणि कुणी इंजेक्शन नाकारलं तर भांडा, पण आधी विचारा, का.

आता त्या केंद्रात आम्ही चौघं जण इंजेक्शनला जातो. चौथी आठवीतली मुलगी. तिचा गुडघा बघून सिस्टरांनीच तिला इकोला पाठवलं. झडप अजून चांगली आहे तिची. माझी वेळ गेली होती, तिची गेली नाही.

प्रत्येकाला सिस्टर पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून देतात, माझ्याच पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, फाडून टाका ना ती. मला लाज वाटते."

"कशाला? कागद जाड हे," त्या म्हणाल्या, आणि माझी तारीख लिहून कागद माझ्या हातात दिला.