गोदाकाकूची घागर

भुतंखेतं, अतृप्त आत्मे, पितरांचा कोप — यातलं काही मी कधी मानलं नाही. अमरावतीच्या हायस्कुलात सायन्स शिकवतो मी. स्मशानात बसून हुरडा खाल्लेला माणूस! (बरं... स्मशानाला लागून असलेल्या शेतात.) थापा मारणं हा माझा धर्म आहे. माझ्या तोंडचा आकडा ऐकला की अकोल्याचे आमचे भाऊबंद तो आधी निम्मा करतात, आणि मग खरा मानायचा की नाही ते ठरवतात. हे आधीच कबूल केलेलं बरं.

भाऊबंद म्हणजे एका खापरपणजोबाची वऱ्हाडभर पांगलेली पिलावळ. एकमेकांचं सुतकसुद्धा आता धड लागत नाही. पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जुन्या शहरात नानांकडे जमतात. नाना हे माझे लांबचे चुलतभाऊ, अकोल्यात वकिली करतात. त्या दिवशी प्रत्येक पितराच्या नावानं कोरी घागर भरायची. आणि आमच्या घराण्याची रीत अशी की भरणाऱ्यानं पाणी ओतताना त्या माणसाची एक आठवण सांगायची. खापरपणजोबांनी बाळापूरच्या किल्ल्यामागे वाघाच्या थोबाडीत मारली, ही आठवण माझी. वाघ दरवर्षी हातभर वाढतो.

एका वर्षी नानांच्या मुलीचं लग्न जमेना. कुणी जाणत्यानं सांगितलं, तुमच्या घरात एक घागर भरायची राहते आहे.

राहत होती ती गोदाकाकूची. घरातली बालविधवा सून. आजोबांच्या श्राद्धाची खीर तिनं ब्राह्मणांच्या आधी उष्टी केली. ब्राह्मण पानावरून उठले, आणि दिवस मावळायच्या आत काकूला बैलगाडीत बसवून एलिचपूरला तिच्या भावाकडे धाडलं. वर्षाच्या आत ती तिथंच वारली. आमच्यात कुणी हावरटपणा केला की आजही म्हणतात, “आली गोदाकाकू!”

“मास्तर, तूच भर,” नाना म्हणाले. “तिची ते खीर तुह्यासारखी कोणालेच रंगवता येत नाही.”

भर दुपार. ऊन असं की मोर्णा नदीतले मासे काठावर येऊन सावली शोधत होते. मी लोटा उचलला आणि सुरू झालो — “काकूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अन् लोटा बुडवून खीर घटाघटा...” हशाच हशा. घागर दोन लोट्यांची. दोन ओतले, आत डोकावलो.

कोरडी.

तिसरा ओतला. चौथा. घागर कोरडी, खालचा पाट कोरडा, जमीन कोरडी.

“फुटकी असन,” कुणीतरी म्हणालं. वहिनींनी, नानांच्या बायकोनं, वाजवून पाहिली. खणखणीत. त्यांनी स्वतः दोन लोटे ओतले — काठोकाठ! ते पाणी तुळशीला घालून घागर पुन्हा माझ्यापुढं ठेवली. मी ओतलं. कोरडी. आता कुणी हसत नव्हतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “खीर मी खाल्ली होती.”

सात वर्षांचा होतो. भूक लागली होती, बोट बुडवून दोनदा चाटलं. आजीनं दरडावून विचारलं, “कोणी रे?” दारात गोदाकाकू उभी होती. मी त्याच बोटानं ती दाखवली. वर, कुणी विचारलं नसताना जोडलं — लोटाभर प्यायली! ती माझी पहिली थाप. काकू जवळ आली आणि पदरानं माझं बोट पुसलं.

हे सगळं मी अंगणात सांगून टाकलं. मग नानांनी मांडीवर थाप मारली. “वा रे मास्तर! औंदा नवाच रंग भरला!” सगळे हसत सुटले. मी शपथा घेतल्या. आईची, विद्येची. जितक्या घेतल्या तितके जास्त हसले.

हसली नाही ती एकटी सीताकाकू. घरातली दुसरी विधवा, ऐंशीच्या घरातली. लोक पन्ह्याला आत गेले तशी म्हणाली, “मले ठाऊक होतं. म्या पायलं होतं तुले.”

“मंग बोलली कावून नाही, काकू?”

“गाडी जुपेल होती, बाबू. तिले उतरवलं असतं, तं मले बसवलं असतं.”

माझ्या हातातला लोटा घेऊन तिनं दोनदा ओतलं. आम्ही दोघांनी मिळून आत पाहिलं.

कोरडी.

नानांच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं. त्यांच्यापुरता विषय मिटला. पुढल्या अखाजीच्या आत सीताकाकू गेली. तिची घागर मीच भरली. दोन लोट्यांत काठोकाठ.

कोरी माती पाणी पिते, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. पण किती पिते? आणि कोणाच्या हातचं पीत नाही? याला माझ्या पुस्तकात उत्तर नाही, आणि ज्यांना विचारलं ते सगळे हसले. तुम्हीही हसाल.

यंदा गोदाकाकूच्या घागरीत मी एकोणीस लोटे ओतले. आकडा माझ्या तोंडचा आहे, तेव्हा निम्मा करून घ्या. साडेनऊ.

घागर दोन लोट्यांची आहे.