बसवाला दोर नाही

गुरांच्या डॉक्टरकडचे किस्से गोचिडासारखे असतात. एक उपटावा तर कानामागं दहा सापडतात! माणसांच्या डॉक्टरचं बरं आहे हो. त्याचा पेशंट तक्रार सांगतो, जीभ दाखवतो आणि सहसा लाथ मारत नाही. आमच्याकडं मात्र लाथ कुठल्या पायानं बसली, त्यावरून दुखणं कुठल्या पायात नाही एवढं कळायचं.

गोष्ट हैदराबाद स्टेटातली. निजामी गेली होती, भाषावार प्रांत अजून व्हायचे होते. मी उदगीरकडचा, शिकलो हैदराबादला, आणि पहिली नेमणूक झाली संतपूरच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला ओळखतात. मराठी, कानडी, दखनी अशा तिन्ही भाषा गावात चालायच्या आणि बैलाला शिव्या तिन्हींतून बसायच्या. दवाखान्याचा स्टाफ म्हणजे मी आणि ड्रेसर मस्तानमियाँ. जनावर धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं, पण तोंडही कुणी धरू शकत नव्हतं.

मी पहिल्याच आठवड्यात हैदराबादला ट्रान्सफर मागितली. पुढंही मागतच राहिलो. गावाला सगळं ठाऊक. "डाक्टर, गेला न्हाईव अजून?" हाच माझा सकाळचा रामराम होता.

आणि तिथंच मी शरणम्मा अक्कांचा बसवा बघितला. अक्कांचे मालक वारले तेव्हा त्यांच्या लाडक्या गाईचा गोऱ्हा अक्कांनी मालकांच्या नावानं देवाला सोडला होता. असा सोडलेला बैल म्हणजे बसवा, कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. तो कुणाच्याही रानात चरतो, कुणाच्याही दारात उभा राहतो, लोक पाया पडतात. नियम एकच, त्याला परत कधी दोर लावायचा नाही. हा बसवा होता देखणा, पण त्याचं उजवं शिंग वळून खाली आलं होतं आणि टोक सरळ डोळ्यावर रोखलेलं होतं. मधे चार बोटांचं अंतर असेल.

"अक्का, हे शिंग वाढत जाणार. एक दिवस डोळ्यात घुसणार. टोक कापायला पाहिजे," मी म्हणालो.

"कापा की."

"बांधावं लागेल."

"मग न्हाई. सोडल्याला परत बांधलं, तर ज्याच्या नावानं सोडला त्याला बांधल्यासारखं हाय. आमचं मालक जितेपणी कुणाला बधले न्हाईत, आता मी बांधू व्हय त्यान्ला?"

मी चिडलो. मी तेव्हा फार लवकर चिडायचो.

*

दवाखान्यापुढं मी खोडा उभा करून घेतला. चार भक्कम खांब, बाजूला आडवी लाकडं, पुढून जनावर अडकायची जागा आणि मागून सरकवायचा आडणा. जनावर एकदा आत गेलं की त्यालाही इजा नाही आणि आम्हालाही नाही. गावाला ही चीज नवी. बायकांनी पहिल्या दिवशी त्यावर गोधड्या वाळत घातल्या.

मी लोक जमवून लेक्चर दिलं. "गळ्यातली गाठ सरकती नको, जनावराला फास बसतो. ती न सरकणारीच पाहिजे. खांबाची गाठ मात्र एका हिसक्यात सुटली पाहिजे. जनावर आत पडलं तर सोडवायला वेळ मिळत नाही." लोक नुसते बघत होते. म्हटलं, प्रात्यक्षिक दाखवावं. मी स्वतःच खोड्यात शिरलो. "हे बघा, जनावर असं उभं राहतं. मस्तानमियाँ, आडणा!"

मस्तानमियाँनी खाडकन आडणा सरकवला. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस उधळली म्हणून सगळं गाव तिकडं पळालं, त्यात मस्तानमियाँ पुढं. आडण्याची खुंटी बाहेरून होती! मी आत उभा. तेवढ्यात गावचे मोठे शेतकरी गुरप्पा अण्णा आले. मला वरून खालून बघितलं आणि मी जनावरांच्या मालकांना विचारतो तशाच काळजीनं विचारलं,

"डाक्टर, खाणं-पिणं हाय का बंद?"

*

मल्लूची म्हैस त्याच्या बायकोशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. बायको गेली माहेरी ठाणाकुशनूरला, आणि म्हशीला गळू झालं. मी म्हटलं, बायकोचं लुगडं नेस आणि डोक्यावर पदर घेऊन शिंगापाशी उभा रहा. वासानं ती गप राहील.

मल्लू नेसला. मिशी पदरात लपवली. म्हशीनं हुंगलं, मान खाली घातली आणि मी आरामात गळू फोडलं. आमच्या अकलेचा मला अभिमान वाटला. पुढं काही दिवसांनी मल्लू उतरल्या चेहऱ्यानं दवाखान्यात आला.

"कामून रे, परत गळू?"

"न्हाई जी. बायको आलीय माहेराहून. म्हैस तिला जवळच येऊ देईना झालीय. रोज मलाच नेसावं लागायलंय!"

*

जवळच्या गावात एक म्हातारे जागीरदार राहायचे. जागीर गेली होती, घोडी राहिली होती. तिच्या दातांत काहीतरी अडकलं म्हणून बोलावणं आलं. घोड्याला धरायचं तर वरच्या ओठाला दोरीचा पीळ देतात. तेवढ्यानं घोडं थंड उभं राहतं. मस्तानमियाँनी दोरी काढली मात्र, जागीरदार कडाडले, "खबरदार! ये खानदानी घोडी है. हमारे यहाँ इसको रस्सी नै लगती. अदब से बोलो, खुद मुँह खोलती."

आम्ही अदबीनं बोललो. मस्तानमियाँनी तर वाकून सलामही केला. मग जागीरदार स्वतः पुढं झाले, आणि चुकून मागच्या बाजूनं गेले. घोडीनं त्यांना उचलून कडब्याच्या गंजीत बसवलं. आम्ही धावलो. मस्तानमियाँ त्यांचे कपडे झटकत होते, आणि भारावून मला म्हणाले,

"देखे साब? लात भी खानदानी!"

परतताना वाटेत बसवा दिसला. शिंगाचं टोक आता डोळ्यापासून बोटभर राहिलं होतं. मला घोडीचं हसू आलं होतं ते तिथंच थांबलं.

*

मग आले इन्स्पेक्शनचे साहेब. दवाखाना बघितला, खोडा बघितला आणि नेमका दारात येऊन बसवा उभा राहिला. साहेब चमकले. "डॉक्टर, हा बैल आंधळा होईल! कापत का नाही शिंग?"

मी म्हणालो, "बांधू देत नाहीत."

"म्हणजे काय? सरकारी दवाखाना आहे! चला, दोरी आणा."

गाव जमलेलं. कुणी हललं नाही. साहेबांनी गुरप्पा अण्णांना फर्मावलं, "तुम्ही आणा दोरी."

अण्णा हात जोडून म्हणाले, "गावात दोरी न्हाई साहेब."

"अख्ख्या गावात दोरी नाही?"

"न्हाई जी. मिळतच न्हाई हल्ली."

अण्णांच्या पाठीमागं त्यांचीच बैलजोडी कासऱ्यानं बांधलेली. साहेबांनी तिकडं बोट केलं. "मग ते काय आहे?"

अण्णांनी मागं वळून नीट बघितलं. "ते व्हय? ते बैल हायती."

साहेब जीपमध्ये बसले. जाताना मला म्हणाले, "तुमची ट्रान्सफर मी करतोच. इथं माणूस वेडा होईल." मला कोण आनंद झाला!

पण त्या दिवशी अक्का गर्दीत मागं उभ्या होत्या. बसवाच्या मानेखाली हात घालून त्याला घेऊन गेल्या आणि तो मुकाट गेला.

*

दसरा जवळ आला तेव्हा टोक पापणीला टेकलं. डोळ्यातून सारखं पाणी वाहायचं, माशा बसायच्या. बसवा डोकं खांबाला घासायचा. मी अक्कांच्या ओसरीवर गेलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. "आणखी पंधरा दिवस, मग शिंग आत जाणार. डोळा फुटणार. सडणार. मालकांना दोर नको ना तुमच्या? मग मालकांना आंधळं करा!"

अक्कांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही. बैलाचा डोळा जाताना मला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतोय तर अक्का पायरीवर बसलेल्या.

"डाक्टर, दसऱ्याला बसवाला हार घालतोच आम्ही. दरसाल घालतो."

"बरं मग?"

अक्का खोड्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही. "हार केवढा जाड लागंल?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी तितक्याच गंभीरपणानं म्हणालो, "मनगटाएवढा लागेल."

"आणि लांब?"

"गळ्यातून ह्या खांबापर्यंत. असे दोन. एक डावीकडं, एक उजवीकडं."

"पक्का गुंफाय पाहिजे मग," अक्का म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

गावात झेंडूचा दुष्काळ पडला. बायका अक्कांच्या ओसरीवर बसून गुंफत होत्या आणि कुणी गडी आत डोकावला की त्याला हाकलत होत्या. त्याच दिवशी गुरप्पा अण्णांच्या मोटेचा मनगटाएवढा जाड नाडा गायब झाला. विहिरीवर मोट नुसती पडलेली. मी विचारलं, "अण्णा, नाडा कुठं गेला तुमचा?"

"कसला नाडा? गावात दोरी कवा हुती डाक्टर?"

मस्तानमियाँनी खोडा धुऊन काढला, खांबांना आंब्याचे डहाळे बांधले. आडण्यावर अक्कांनी हळदी-कुंकू लावलं. माझी ट्रान्सफर त्याच आठवड्यात आली होती. हैदराबाद! मी दसरा झाला की निघणार होतो. सामान बांधून ठेवलं होतं.

हलगी वाजवत बसवाला आणलं. अक्का पुढं, मूठभर हरभऱ्याची डाळ हातात. बसवा त्यांच्या मागोमाग थेट खोड्यात शिरला. आडणा सरकला. हलगी थांबली. अक्कांनी हार घातले आणि मी गाठी मारल्या. गळ्यात न सरकणारी, खांबाला एका हिसक्यात सुटणारी. बसवानं एकदा डोकं झटकलं, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. पण 'हार' तसूभर हलला नाही. पाकळ्यांखाली जे दिसलं ते कुणी बघितलं नाही. सगळं गाव एकाच वेळी आभाळाकडं बघायला लागलं.

मी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि करवत लावली. मस्तानमियाँनी दुसरं शिंग धरलं, अक्का बसवाच्या कपाळाला कपाळ लावून उभ्या राहिल्या. करवत एवढी डोळ्याजवळ मी त्यापूर्वी कधी चालवली नव्हती. टोक खाली पडलं. पापणी उचलून बघितली. डोळा लाल होता, पण शाबूत होता. बसवानं माझ्याकडं त्याच डोळ्यानं बघितलं आणि मला मनापासून रडू आलं. लपवलं नाही मी.

खांबाच्या गाठी एकेका हिसक्यात सोडल्या. आडणा काढला. अक्कांनी बसवाच्या गळ्यातले हार काढायला लावले आणि तो मोकळा होऊन कुणाचं तरी तुरीचं रान गाठायला निघून गेला.

मी खोड्यापाशीच हात पुसत उभा होतो. अक्का त्यातला एक हार घेऊन आल्या आणि माझ्या गळ्यात घातला. चांगलाच वजनदार! गाव टाळ्या पिटायला लागलं. मीही जरा छाती काढली. मग लक्षात आलं, की अक्कांचे हात माझ्या मानेमागं काहीतरी करताहेत. चाचपून बघितलं. गाठ होती. मीच शिकवलेली.

"अक्का, ही गळ्यातली गाठ आहे. ही हिसक्यानं सुटत नाही."

"ठाव हाय मला," अक्का म्हणाल्या. हाराचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत होतं. "हैद्राबादला कवा जायलाव डाक्टर?"

मी मस्तानमियाँकडं बघितलं. म्हटलं, निदान आमचा स्टाफ तरी आमच्या बाजूनं असेल. मस्तानमियाँ खोड्याच्या मागं उभे होते, दोन्ही हात लाकडावर.

"साब," ते अदबीनं म्हणाले, "अंदर आ जाव. आडना डालतूं."