नकेरालाच्या उतारावर

"मामंजी, त्यो दांडा सोडा. या गाडीला न्यूट्रल चालत न्हाई."

"उभा जल्म ट्रक हाकलाय मी या घाटात. उताराला पेट्रोल जाळतंय कोण, पोरी?"

मक्वालानं नजर रस्त्यावर वळवली. नवरा पोलंडला गेल्यापासून अंब्रोलौरीपासून नकेरालाचा घाट उतरून कुताईसी शहरापर्यंत भाडं तीच मारायची. गाडी तिच्याकडं ठेवायची का आपल्या पुतण्याला द्यायची, हे ठरवायलाच तिचा सासरा, ओतिया म्हातारा, आज शेजारी बसला होता. त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे गाडीवर पाणी सोडायचं. मागं चीजच्या टोपल्या मांडीवर घेऊन बाजाराला निघालेल्या दोन बाया.

मोठ्या वळणाच्या अलीकडं, तिला कळायच्या आत, म्हाताऱ्यानं दांडा न्यूट्रलला ओढून धरला. त्याच्या ट्रकाला ते खपलं असंल. ही गाडी हायब्रिड. गियरात असली की उताराला चाकंच बॅटरी भरतात, आन् भरता भरता गाडीला आवरून धरतात. न्यूट्रलात सगळा भार ब्रेकावर.

गाडी सुटली. मक्वालानं ब्रेक दाबून धरला, तरी वेग म्हणावा तसा तुटंना. जळका वास सुटला. वळण सरलं तर समोर धुकं, आन् धुक्यात रस्ताभर गाई बसलेल्या. मागच्या बायांतली गुलनारा छातीवर भराभरा क्रूस काढू लागली. म्हाताऱ्याची मूठ अजून दांड्यावरच.

मक्वालानं सासऱ्याच्या हातावर फाडकन फटका मारला. दांडा आधी डीला घेतला, मग खाली बीला, उताराला इंजिनानंच गाडी आवरायच्या गियरला. इंजिन बोंबललं, गाडी आतनं आवळली, आन् रांगत रांगत गाईंच्या शेपट्यांपाशी येऊन थांबली. एकसुद्धा गाय उठली नाही.

"इंजिन फोडलंस," म्हातारा हात चोळत म्हणाला.

"त्ये वरडलं म्हणून आपण हाय. वरडू द्या."

खालपर्यंत मक्वालानं गाडी बीतच ठेवली. कुताईसीच्या स्टँडवर म्हातारा उतरला. पुढच्या चाकाजवळ हात नेला, तापल्या ब्रेकाची धग लागली तसा झटक्यानं मागं घेतला. मग फोन काढून पुतण्याला लावला. मक्वालाचा जीव कानात आला.

"गाडीचा नाद सोड," म्हातारा म्हणाला. "सून मारकुटी हाय. तिच्याकडनं काढून घ्यायला मी न्हाई जायचा."

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ब्रेक निवेपर्यंत काच पुसली, टोपल्यांतनं सांडलेलं चीजचं पाणी टिपलं, आन् मग स्टँडच्या तोंडाशी उभं राहून 'अंब्रोलौरी, अंब्रोलौरी' म्हणून परतीच्या भाड्याला हाळी द्यायला लागली.