दुपट्ट्याखाली ठरलेली वाट

आमच्या वाशीम जिल्ह्यात डोंगर आहेत म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. हसू द्या. शिरपूरच्या बसमधून मधेच एका फाट्यावर उतरलं की समोर जी लांबलचक धार दिसते, तिला आमच्याकडे एक नाव नाही. प्रत्येक गाव आपल्या शिवारापुरत्या टेकडीला नाव देतं आणि पुढची टेकडी पुढच्या गावाची समजतं. पण टेकड्या सुट्या नाहीत, एकाच कण्याच्या आहेत. हे मला लहानपणापासून माहीत होतं, कारण माझा बाप लोकांची गुरं राखायचा आणि त्याच्या मागं मीही. दिवस मावळायच्या आत गुरं ज्याच्या त्याच्या दावणीला पोचवावी लागत. म्हणून आम्ही कायम ठरावीक जागेवरून माघारी फिरायचो. धार पुढे जायची आणि ती कुठं संपते ते मी कधी पाहिलं नाही.

पुढे मी बैलांचा दलाल झालो. कोणी हात धरून आणलं नाही. दात पाहायला शिकलो, चाल पाहायला शिकलो, शिव्याही शिकलो. चाळीस वर्षं बाजारात ओरडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब वाढलाय, रोज चाला आणि राग कमी करा. पहिलं जमण्यासारखं होतं.

माझा एक मित्र आहे, जैन, वाशीममध्ये कापडाचं दुकान. मी त्याला शेठ म्हणतो, तो मला दलाल. चहा पिता पिता मी त्याला म्हणालो की आपण ती धार पूर्ण चालू, तुकड्यातुकड्यानं. रविवारी जायचं, संध्याकाळी परत यायचं, पुढच्या रविवारी जिथं सोडलं तिथून धरायचं. किती तुकडे करायचे यावर वाद झाला. मी म्हटलं चार, तो म्हणाला आठ. मग मी त्याचा हात ओढून माझ्या दुपट्ट्याखाली घेतला. बैलबाजारात भाव असाच होतो, तोंडानं नाही, कापडाखाली बोटं दाबून.

"काय रे, तू मले बैल समजून राह्यला काय?" तो हसत होता.

"बैल असता त आतालोक इकला असता तुले. बोल बोटानं."

सहावर जमलं. आणि अट एकच: दोघांनी मिळून, एकानंही पुढचा तुकडा आधी पाहायचा नाही. दुपट्ट्याखाली ठरलेलं फिरवणाऱ्या माणसाला आमच्या बाजारात दुसऱ्या आठवड्यात कोणी हात देत नाही. हे मी त्याला सांगितलं होतं. त्यानं मानही हलवली होती.

चातुर्मास संपल्याशिवाय तो गवतावर पाय ठेवत नाही, किडामुंगी मरते म्हणून. त्यामुळे आमचा हंगाम कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू व्हायचा. सोयाबीन निघालेलं, तूर पिवळ्या फुलांवर, डोंगरावरचं गवत वाळून सोन्यासारखं आणि त्याची कुसळं मोज्यांत घुसून बसलेली. सूर्यास्तानंतर तो जेवत नाही, म्हणून चारला माघारी वळायचं. मी डब्यात कांदा-लसूण आणणं सोडलं. तो पाणी गाळून आणायचा आणि धारेच्या माथ्यावर एका खडकावर थोडं सांडायचा. "हे अर्धं पैनगंगेले, हे अर्धं पूर्णेले," म्हणायचा. पाणी खरंच दोन्हीकडं जायचं. जिथं थांबायचो तिथं दोन दगड रचायचो, माझा मोठा खाली, त्याचा लहान वर.

कधी माझा बाजार, कधी त्याचं दुकान आडवं यायचं, म्हणून पहिल्या वर्षी चारच तुकडे झाले. मग ऊन तापलं, मग पाऊस, मग त्याचे चार महिने. आठ-नऊ महिने मी त्या धारेखालून बाजाराला गेलो-आलो आणि वर चढलो नाही. पौर्णिमेनंतर पाचवा तुकडा झाला. राहिला शेवटचा.

त्यासाठी ठरलेल्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. गुडघा दुखतोय, पुढच्या रविवारी जाऊ. मी म्हटलं, ठीक. मानोऱ्याकडच्या एका माणसाकडून सांधेदुखीवरचं मोहाच्या बियांचं तेल आणून ठेवलं होतं, ती बाटली त्याच्या दुकानातल्या माणसाच्या हाती त्याच्या घरी पाठवली. मी स्वतः त्याच दिवशी त्या शेवटच्या टेकडीच्या पायथ्याच्या गावात एक जोडी पाहायला गेलो होतो. दुपार मोकळी होती. वर नजर गेली. चढलो नाही.

पुढच्या रविवारी निघालो. दगडांपासून सुरुवात केली. नवीन वाटेवरचा बैल कान पुढे ठेवतो आणि पाऊल जरा उशिरा टाकतो. ओळखीच्या वाटेवरचा मान खाली घालून चालतो आणि वळण यायच्या आधीच अंग वळवतो. शेठ मान खाली घालून चालला होता. एका जागी वाट सरळ दिसत होती, तरी तो डावीकडं उतरला. मी सरळ गेलो आणि पन्नास पावलांवर बोरीच्या काट्यांत अडकलो. तो खालच्या बाजूनं आरामात पुढे निघून उभा होता.

काटे सोडवत मी त्याच्यापाशी उतरलो. बाजारात लगेच बोलत नाहीत. थोड्या वेळानं खाली धरणाचं पाणी दिसलं आणि तो थांबून म्हणाला, "वा! काय नजारा हाय!"

तेव्हा माझं डोकं फिरलं. कारण हा सूर मी ओळखतो. अडेल बैल विकणारा माणूस याच सुरात त्याचं कौतुक करतो.

"शेठ, तू इथं येऊन गेला."

"मी कायले येऊ?"

"बोरी दिसाच्या आधी तू वळला. मले शिकवतं काय? मी चाळीस वर्षं चाल पाह्यून पोट भरलं!"

तो खाली बसला. टोपी काढली. "गेल्या रविवारी पोरगं आलं होतं पुण्याहून. एकच दिवस होता त्याच्यापाशी. म्हणे, बाबा, तुमची वाट दाखवा मले."

"मंग पहिला तुकडा दाखवाचा. दुसरा दाखवाचा. पाच होते ना!"

"इथून पाणी दिसते असं गाववाले सांगत. वाटलं, चांगलं तेच दाखवू."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू बदल्यात काय मांगतलं असतं? सांग ना. आपल्या पोरीच्या लग्नात भटजीसंग मुहूर्ताची घासाघीस करनारा मानूस तू."

हे खरं आहे. पण ते इथं लागू नव्हतं, आणि ते त्यालाही कळत होतं. मी एका शब्दावर हो म्हटलं असतं. निदान मला आजही असंच वाटतं.

"अन् गुडघा?"

"दुखतो ना. थोडा दुखतो."

"तेल लावलं?"

त्यानं पिशवीतून पाणी काढलं. मग म्हणाला, "पोरानं नेलं पुण्याले. त्याच्या सासऱ्याले पाह्यजे होतं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी ओरडलो, काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता आणि गाळलेलं पाणी माझ्यापुढं धरत होता. मी मान फिरवली तर समोर शेवटची चढण दिसली. माथ्यावर एक सालईचं झाड, पांढरट खोडाचं, आणि त्याच्या पलीकडं नुसतं आभाळ. धार तिथंच संपते, हे कळायला दलाल असावं लागत नाही. शंभर पावलं असतील. आणि झाडाच्या बुडाशी दोन दगड रचलेले होते. मोठा खाली, लहान वर.

बापाच्या मागं चालताना मला जे पाहायचं होतं ते त्या झाडापलीकडं होतं. त्याला हे ठाऊक होतं. पहिल्याच रविवारी मी सांगितलं होतं, आणि असं मी कोणाला सांगत नाही.

मी तिथून वळलो. तो मागून म्हणत होता, "अबे, शंभर पावलं राह्यली, चल ना. बाकी गोष्टी खाली करू." मी थेट उतारानं खाली आलो आणि मिळेल त्या ऑटोनं वाशीमला पोचलो. चार वाजले असतील. त्याला सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी पोचता आलं असेल.

या वर्षी कार्तिकी पौर्णिमा झाली तसा त्याचा निरोप आला, शंभर पावलं तेवढी राहिलीत. मी उत्तर पाठवलं नाही. त्या पायथ्याच्या गावात अजून जातो, जोड्या पाहतो, भाव करतो. सालईचं झाड खालून दिसतं. मी एकट्यानं चढलो तर माझंच मन मला सांगेल की आता तूही तेच केलंस. त्याच्याबरोबर चढलो तर तो झाडाशी पोचून पुन्हा 'वा' म्हणेल, आणि मला ते ऐकावं लागेल.